टीव्हीचं बिल कोणाला किती?

मागच्या अंकात आमच्या आबांच्या दवाखान्यातल्या दिवसांबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं, पायाला वजन बांधून २१ दिवस पाठीवर पडून, भिंतीवर टीव्ही होता पण रिमोट खाली काउंटरवर, आणि तो पाहिजे असेल तर दिवसाचे शंभर रुपये वेगळे. कापसाचे पैसे यायचे होते, आम्ही नको म्हटलं. नवव्या दिवशी आबा म्हणाले, "पंखा देखी देखी थकी गऊ व माय," आणि मी बाहेर जाऊन रडले. एवढंच लिहिलं होतं, पण त्यावर चोपड्यापासून शहाद्यापर्यंत इतकी पत्रं आलीत की या महिन्याचं सदर सगळं त्यालाच दिलंय.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, चोपडा): ताई, माझी मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर सांगतात की एक काळ असा होता, तिकडे पेशंटला बेडजवळच्या टीव्हीचे दिवसाला साडेतीन पाउंड लागायचे आणि जेलमधल्या कैद्याला आठवड्याला एक पाउंड. हे खरं का? खरं असेल तर हा सरळसरळ अन्याय नाही का, गुन्हेगाराला स्वस्त आणि आजारी माणसाला महाग?

उत्तर: खरं आहे सर. २००० साली तिकडच्या सरकारने सरकारी दवाखान्यांसाठी, म्हणजे एनएचएससाठी, दहा वर्षांचा मोठा प्लॅन आणला, त्यात एक वचन होतं की मोठ्या दवाखान्यांत प्रत्येक बेडजवळ टीव्ही आणि फोन येणार. विचार चांगलाच होता. पण त्यासाठी सरकार पैसा घालणार नव्हतं, खाजगी कंपन्यांनी आपल्या खर्चाने मशीन बसवायची, वायरिंग करायची, माणसं ठेवायची आणि तो सगळा पैसा पेशंटकडून आणि त्याच्या घरच्यांकडून काढायचा, बदल्यात कंपनीला त्या दवाखान्याचं लांब मुदतीचं कंत्राट. यातली सगळ्यात मोठी कंपनी पेशंटलाईन. बेडजवळ एक वळणारा दांडा, टोकाला छोटा स्क्रीन, सोबत फोन.

टीव्हीचे दिवसाला साडेतीन पाउंड, तेव्हाच्या भावाने पावणेतीनशे-तीनशे रुपये झाले. आठवड्याचे साडेचोवीस पाउंड. फोनचं तर याहून वाईट, बाहेरून आपल्या आईला फोन लावणाऱ्या पोराला मिनिटाला ३९ ते ४९ पेन्स (शंभर पेन्सचा एक पाउंड) पडायचे, आणि त्या वेळी बऱ्याच दवाखान्यांत मोबाईलला बंदी, म्हणजे दुसरा रस्ताच नाही. लोकांनी खूप ओरड केली. ऑफकॉम, म्हणजे आपल्या ट्रायसारखी फोन-टीव्हीच्या कंपन्यांवर लक्ष ठेवणारी तिकडची संस्था, तिने चौकशी केली आणि २००६ च्या जानेवारीत असं सांगून ती बंद केली की हे दर एकट्या कंपनीच्या मनातून आलेले नाहीत, सरकारचं धोरण आणि दवाखान्यांशी झालेले करार यांच्या गुंत्यातून आलेत. २००७ मध्ये कंपनीने टीव्ही २ पाउंड ९० पेन्सवर आणला पण पेशंटने बाहेर करायचा फोन मिनिटाला १० पेन्सचा थेट २६ केला. एका खिशातलं काढून दुसऱ्यात टाकलं, आणि दोन्ही खिसे पेशंटचेच. एवढे पैसे घेऊनही २००८ मध्ये ती कंपनी कर्जाखाली बसली आणि काम हॉस्पेडिया नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेलं.

आता कैद्याचं बघा. १९९८ पासून तिकडे कोठडीत टीव्ही द्यायला मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली, भाडं आठवड्याला १ पाउंड. पण हा टीव्ही नीट वागणाऱ्याला मिळतो आणि भांडण-मारामारी केली की काढून घेतात, २०१३ मध्ये हे नियम अजून कडक केले. आणि सर, तो १ पाउंड कुठून येतो तेही पाहा, काम करणाऱ्या कैद्याची कमीत कमी मजुरी आठवड्याला ४ पाउंड होती आणि ज्याला काम नाही त्याला अडीच. म्हणजे कमाईचा पाव हिस्सा टीव्हीवर. आपल्याकडे महिन्याला बारा हजार कमावणाऱ्याने तीन हजार टीव्हीचे भरल्यासारखं झालं ते.

तुम्ही विचारता अन्याय आहे का. आहे, मला त्यात जराही शंका नाही, पण तो पेशंटवर झालाय आणि ज्यांनी केला त्यांच्यात कैदी कुठेच बसत नाही. कैद्याचं भाडं १ चे १० पाउंड केले असते तरी वॉर्डातल्या म्हातारीचे साडेतीन पाउंड तसेच राहिले असते, कारण तिच्या बिलात दांडा, वायर, कंपनीची माणसं, कंपनीचं व्याज असं सगळं होतं आणि ते भरायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. जेलमध्ये टीव्ही सरकारने आणले आणि चालवले. दवाखान्यात सरकारने वचन दिलं आणि खर्चाला दुसऱ्याला पुढे केलं. मला राग येतो तो याचा. जो माणूस उठून बाहेर जाऊ शकत नाही, दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, त्याच्या बेडजवळ एकच दुकान मांडून द्यायचं, असं कोणत्याही सरकारने करू नये. मोबाईल आला, दवाखान्यांनी बंदी सैल केली आणि लोकांना दुसरा रस्ता सापडला म्हणून ती ओरड पुढे कमी झाली. ज्यांनी आधी भरले त्यांना मात्र कोणी परत दिले नाहीत. तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा, आणि तिच्या सिस्टरना आठवत असेल तर लिहून पाठवायला सांगा की तेव्हा पेशंट काय म्हणायचे, मला मनापासून वाचायचंय.

प्रश्न (गृहिणी, भुसावळ): सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, चार दिवस रूम घेतली होती. बिलात "टीव्ही व इतर सोय" म्हणून रोजचे १५० लावलेत. त्यांना डोळ्याला त्रास म्हणून टीव्ही एकदाही लावला नाही. इन्शुरन्सने ते पैसे कापले. हे भरायलाच पाहिजेत का?

उत्तर: वहिनी, आधी हिशेब बघा. रोजचे १५० म्हणजे महिन्याचे ४५०० रुपये, आणि घरी आपण तीन-चारशेत महिन्याचं रिचार्ज मारतो, अख्खं घर बघतं. म्हणजे हा भाव टीव्हीचा नाहीच हे तुम्हालाही दिसतं.

एसी, साफसफाई हे सगळं रूमच्या भाड्यातच असायला पाहिजे अशी इन्शुरन्सवाल्यांची सर्वसाधारण भूमिका असते, त्यामुळे दवाखान्याने वेगळी ओळ टाकली की ते कापतात आणि भार आपल्यावर येतो. टीव्ही, फोन आणि इंटरनेटचे पैसे तर विमा नियामकाच्या यादीतच ऐच्छिक खर्चात टाकलेत, ते साध्या पॉलिसीत मिळतच नाहीत. म्हणून खरी लढाई इन्शुरन्सच्या ऑफिसात लढायची नसते, ती अ‍ॅडमिट होतानाच काउंटरवर लढायची असते. रूम दाखवली की एकच प्रश्न विचारायचा, या भाड्यात काय काय आलं, टीव्ही वेगळा आहे का, आणि वेगळा असेल तर आम्हाला नको, तसं कागदावर लिहून द्या. पेशंट स्ट्रेचरवर असताना हे सुचत नाही मला माहीत आहे, मलाही सुचलं नव्हतं, म्हणून सोबत जो जरा लांबचा नातेवाईक असतो ना, भाचा, दीर, त्याला हे काम सांगून ठेवा.

आता झालेल्या बिलाचं. महाराष्ट्रात २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम सुधारले, त्यात खाजगी दवाखान्यांनी पेशंटच्या हक्कांची सनद आणि १५ प्रकारच्या सेवांचे दर दिसतील असे लावायचे आहेत. रूमचं भाडं, आयसीयू, डॉक्टरांची फी वगैरे. तर एक जण जाऊन तिथल्या बोर्डाचा फोटो काढून आणा, आणि बिल एकेक बाब लिहून वेगवेगळं मागा, तो तुमचा हक्क आहे, कोणी उपकार करत नाही. मग साध्या भाषेत एक अर्ज, टीव्ही वापरला नाही, आधी सांगितलं नव्हतं, सहाशे रुपये परत करा. पोच घ्या. नाही ऐकलं तर महापालिकेच्या शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि बाकी ठिकाणी जिल्हा शल्य चिकित्सकांचं ऑफिस, तिथे तक्रारीची सोय असते. सहाशे रुपयांसाठी एवढी धावपळ कशाला असं घरातले म्हणतील. करा तरी. त्याच मजल्यावर चौदा रूम असतील तर महिन्याचे किती होतात ते कागदावर मांडून बघा.

प्रश्न (कॉलेज विद्यार्थी, धुळे): तुम्ही कैद्यांची बाजू घेणार असं वाटतं, पण जेलमध्ये टीव्ही कशाला पाहिजे? शिक्षा म्हणजे शिक्षा. आपल्या सिव्हिलमध्ये गरीब माणूस खाली गादी टाकून झोपतो आणि चोराला टीव्ही.

उत्तर: भाऊ, तुझा राग मला कळतो, सिव्हिलमधली खालची गादी मीही पाहिली आहे. पण चोर म्हणताना थोडं थांब. एनसीआरबी, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची आणि जेलांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था, तिची २०२२ ची आकडेवारी सांगते, देशातल्या जेलांत ५ लाख ७३ हजारांच्या वर माणसं होती, जागा होती ४ लाख ३६ हजारांची, म्हणजे १०० च्या जागेत १३१. आणि त्यातले जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी. कच्चे म्हणजे ज्यांची केस अजून चालू आहे, ज्यांना कोर्टाने दोषी ठरवलेलं नाही. चारातले तीन. यातले किती जण जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत आहेत हे एकदा कोर्टाच्या आवारात बसून बघ, बायका मंगळसूत्र मोडून वकिलाची फी देतात.

आपल्याकडे तिकडच्यासारखा प्रत्येकाला वेगळा टीव्ही नसतो. बराकीत एक, सगळ्यांनी मिळून बघायचा, कधी लावायचा कधी बंद करायचा ते जेलवाले ठरवणार. केंद्राच्या गृहखात्याने २०१६ मध्ये राज्यांसाठी नमुना कारागृह नियमावली काढली, त्यात करमणुकीच्या साधनांमध्ये टीव्ही धरलेला आहे. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम आहेत, त्यातला ६३ वा नियम सांगतो की कैद्याला बाहेरच्या महत्त्वाच्या बातम्या कळत राहिल्या पाहिजेत, पेपर असो, रेडिओ असो. कारण साधं आहे, तो माणूस एक दिवस बाहेर येणार आहे, तुझ्या-माझ्या गल्लीतच येणार आहे.

आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. १९६० च्या दशकात मुंबईच्या जेलमध्ये स्थानबद्ध असलेल्या एका माणसाने तिथे बसून मराठीत अणूविज्ञानावर पुस्तक लिहिलं, ते छापायला बाहेर पाठवू देईनात, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि निकाल त्याच्या बाजूने लागला, की पुस्तक लिहून बाहेर पाठवायला नियमात मनाई नाही तर तुम्ही अडवणार कसं. पुढे १९७८ मध्ये सुनील बत्रा नावाच्या कैद्याच्या केसमध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आणि बाकीच्या न्यायाधीशांनी परत सांगितलं की जेलच्या दारातून आत गेला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क बाहेर राहत नाहीत. फिरणं थांबतं ती शिक्षा, त्याच्यावर अजून एक शिक्षा आपण आपल्या मनाने लावायची नसते.

तू तर धुळ्याचा. १९३२ मध्ये तुझ्याच गावच्या जेलमध्ये दर रविवारी विनोबा गीतेवर बोलायचे आणि आपले साने गुरुजी, अमळनेरला शिकवणारे, ते भरभर लिहून घ्यायचे. आज घराघरात ती प्रवचनं वाचली जातात ती त्या वह्यांमुळे. तेव्हाच्या जेलरने म्हटलं असतं की शिक्षा म्हणजे शिक्षा, वही-पेन्सिल कशाला, तर? ते राजकीय कैदी होते आणि आजचे वेगळे, हे तू म्हणशील आणि ते बरोबरही आहे, पण चार भिंतीत बसलेल्या माणसाच्या डोक्याला काहीतरी खाद्य लागतं ही गोष्ट दोघांनाही सारखीच लागू आहे. आणि हीच गोष्ट सिव्हिलमधल्या खालच्या गादीवरच्या माणसालाही लागू आहे, म्हणून तू जेलचा टीव्ही काढा असं लिहिण्यापेक्षा वॉर्डात टीव्ही लावा असा अर्ज लिही, मी सही करते, तुझ्या कॉलेजच्या शंभर पोरांच्या सह्या घे. बराकीत एक टीव्ही बसू शकतो तर वॉर्डात का नाही हा प्रश्न मला फार पटतो, फक्त तो वॉर्डासाठी विचारायचा.

प्रश्न (पाचोरा): वॉर्डात सगळ्यांकडे मोबाईल असतो, आता टीव्हीची गरजच काय? उलट रात्रभर रील्सच्या आवाजाने माझ्या वडिलांना झोप लागली नाही.

उत्तर: सगळ्यांकडे नसतो हो. वॉर्डात जाऊन बघा, मोबाईल असतो तो सोबतच्या पोराकडे, आणि तो चहाला गेला की आजोबा परत पंख्याकडे. शिवाय सलाईन लावलेल्या हाताने मोबाईल धरता येत नाही. आवाजाचं म्हणाल तर शंभर टक्के तुमच्या बाजूने, दवाखान्याभोवती १०० मीटरपर्यंत सरकार शांतता क्षेत्र जाहीर करतं, कायद्याने तिथे रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना तर वॉर्डात रात्री ३० च्या वर आवाज नको म्हणते, म्हणजे कुजबुजीएवढा. बाहेर डीजे बंद करायचा आणि आत आपणच मोठ्याने रील्स लावायच्या हे बरोबर नाही. सिस्टरला सांगा, त्या सांगतात. नाही तर हात जोडून स्वतः सांगा, खान्देशातला माणूस समोर हात जोडले की ऐकतो असा माझा अनुभव आहे.

प्रश्न (पपई उत्पादक शेतकरी, शहादा): वडील मागच्या वर्षी ग्रामीण रुग्णालयात शेवटचे बारा दिवस होते. वर्षश्राद्धाला गावजेवण न घालता तिथल्या पुरुष वॉर्डात त्यांच्या नावाने टीव्ही द्यायचा विचार आहे. महिन्याचं रिचार्ज कोण भरणार या प्रश्नावर अडलंय. काय करू?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि आईलाही वाचून दाखवलं.

रिचार्जचं काहीच अडत नाही, डीडी फ्री डिश लावा. दूरदर्शनची ही सेवा २००४ च्या डिसेंबरपासून चालू आहे, तेव्हा नाव वेगळं होतं, एकदा डिश आणि बॉक्स घेतला की महिन्याचा खर्च शून्य, दर महिन्याला कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. सह्याद्री दिसतं, बातम्या दिसतात, जुने पिक्चर लागतात, भजन-कीर्तन लागतं, म्हाताऱ्या माणसाला अजून काय लागतं. डिश आणि बॉक्स मिळून साधारण दीड-दोन हजारात होतं, शहाद्यातल्याच दुकानदाराकडून बसवून घ्या म्हणजे वाऱ्याने डिश हलली तर तोच येईल.

टीव्ही डोक्यावर घेऊन थेट जाऊ नका. आधी वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज द्या, तिथे रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठकीत विषय घेऊन वस्तू दवाखान्याच्या नोंदवहीत चढवून घ्या. नोंद नसेल तर सहा महिन्यांनी टीव्ही कुठल्या तरी ऑफिसात दिसतो. नोंद असेल तर विचारता येतं. विजेचा पॉइंट आणि स्टॅबिलायझर तुम्हीच करून द्या. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या म्हणजे रोज पुसता येईल, तो चाळीस हातांतून फिरतो. आवाजाची हद्द सिस्टरसोबत ठरवून घ्या, दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर बंद, आणि वॉर्डात कोणी जास्त सिरीयस असेल तर त्या दिवशी अजिबात नाही. तुमच्या वडिलांचं नाव टाकायचं असेल तर खाली छोटी पट्टी लावा, स्क्रीनएवढा बोर्ड नको.

अजून एक. आमच्या आबांच्या रूममधला टीव्ही शेवटच्या चार दिवसांत आम्ही पैसे भरून लावला होता, मामांनी दिले. तर तो इतका बाजूला आणि इतका वर होता की पाय ताणून बांधलेल्या माणसाला मान मोडल्याशिवाय दिसत नव्हता, मग आम्ही माझ्या पावडरच्या डब्यातला आरसा टेबलावर टेकवून ठेवला आणि त्यात ते बातम्या बघायचे, खालची पट्टी उलटी, पण बघायचे. म्हणून भिंतीला भोक पाडायच्या आधी दोन-तीन बेडवर स्वतः आडवे पडा, उशीवर डोकं ठेवा आणि मिस्त्रीला सांगा, इथून दिसतं तिथे लाव.